कपाटात दडवलेला रिपोर्ट

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचं वय ५४, यजमान ६१ वर्षांचे. तीन वर्षांपूर्वी यजमानांना हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडणं, असल्याचं निदान झालं. तेव्हा हृदयाचं पंपिंग (दर ठोक्याला कप्प्यातलं किती रक्त बाहेर ढकललं जातं ते) ३० टक्के होतं, आता ३८ आहे. औषधं वेळेवर घेतात, तीन मजले चढून घरी येतात, वजन स्थिर आहे. हृदयावरचा ताण दाखवणारी बीएनपी नावाची रक्ततपासणी तीनदा झाली: २४०, १९०, २६५. यजमान हे आकडे एका वहीत लिहितात आणि त्यांचा आलेख काढतात. वहीच्या पहिल्या पानावर कुठंतरी वाचलेलं एक वाक्य त्यांनी उतरवून ठेवलं आहे: ‘बीएनपी १०० ने वाढला की मृत्यूचा धोका ३५ टक्क्यांनी वाढतो.’ २६५ आल्यापासून त्यांनी मित्रांबरोबर ठरलेला प्रवास रद्द केला आणि पुढच्या वर्षीचं काहीही कुणी बोलायला लागलं की ते उठून जातात. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी एक जुनी गोळी बंद करून सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन ही गोळी सुरू केली आणि काही आठवड्यांनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट आणायला ताई एकट्याच गेल्या. आकडा होता १,३१०. त्यांनी तो कागद कपाटात कपड्यांच्या घड्यांखाली ठेवला, यजमानांना ‘अजून आला नाही’ म्हणून सांगितलं आणि डॉक्टरांची तारीखही काहीतरी कारण काढून पुढे ढकलली. या गोष्टीला अठरा दिवस झाले. त्या विचारतात: हे त्यांना सांगू की नको? एसटी२ आणि गॅलेक्टिन-३ या ‘जास्त अचूक’ तपासण्या करून एकदाचं काय ते कळून घ्यावं का? आणि यापुढे दर महिन्याला रक्त तपासावं, की तपासणंच बंद करावं?

प्रिय ताई,

आधी एक काम. हे उत्तर अर्धवट राहिलं तरी चालेल, पण तो कागद बाहेर काढा आणि डॉक्टरांकडे फोन करून सांगा, ‘रिपोर्ट आलाय, दाखवायचा राहिला.’ उद्याची, फार तर परवाची वेळ मागा. बाकीचं निवांत बोलू. ही घाई १,३१० साठी नाही. कशासाठी ते सांगतेच.

तुम्ही चारही रिपोर्टांचे फोटो पाठवलेत हे फार बरं झालं. ते शेजारी शेजारी ठेवून आकड्याच्या डावीकडचं नाव वाचा. पहिल्या तिघांवर ‘बीएनपी’ आहे. चौथ्यावर ‘एनटी-प्रोबीएनपी’. या दोन वेगवेगळ्या तपासण्या आहेत.

हृदयाच्या कप्प्यांवर ताण आला की तिथल्या पेशी १०८ दुव्यांची एक साखळी बनवतात आणि ती तुटून तिचे दोन तुकडे होतात. ३२ दुव्यांचा तुकडा म्हणजे बीएनपी. तो कामाचा असतो: रक्तवाहिन्या सैल करतो, जास्तीचं मीठ-पाणी लघवीवाटे बाहेर काढायला किडनीला भाग पाडतो. उरलेला ७६ दुव्यांचा तुकडा म्हणजे एनटी-प्रोबीएनपी. त्याला स्वतःचं असं काम नाही, पण तो रक्तात जास्त वेळ रेंगाळतो. बीएनपी वीसेक मिनिटांत निम्मा होतो, याला तास-दोन तास लागतात. त्यामुळे एकाच माणसाचं एकाच वेळी रक्त घेतलं तरी एनटी-प्रोबीएनपीचा आकडा मोठा येतो, पाच-सहा पट तर सहज. (नावातला ‘बी’ हा ‘ब्रेन’चा. १९८८ मध्ये जपानी संशोधकांना हा पदार्थ पहिल्यांदा डुकराच्या मेंदूत सापडला, म्हणून हे नाव पडलं. रिपोर्टवर ते वाचून मेंदूला काही झालंय की काय, या धास्तीने माझ्याकडे आलेले लोक मी पाहिलेत.)

तपासणी बदलली ही लॅबची चूक असेल असं मला वाटत नाही. नव्या गोळीतलं सॅक्युबिट्रिल हे नेप्रिलायसिन नावाच्या विकराला (एन्झाइमला) अडवतं, आणि शरीरात बीएनपी मोडायचं काम करणाऱ्यांपैकी हा एक विकर आहे. म्हणजे ही गोळी सुरू झाली की हृदय जराही बिघडलेलं नसताना बीएनपी चढू शकतो. एनटी-प्रोबीएनपीला हा विकर हात लावत नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर विचार करूनच दुसरं नाव लिहिलं असणार. ते तुम्हाला सांगायचं मात्र राहून गेलं आणि त्यापायी तुमचे अठरा दिवस असे गेले, याचं मला वाईट वाटतं.

तेव्हा २६५ वरून १,३१० अशी उडी झालेलीच नाही. पूर्वीचे तीन आकडे एका मालिकेतले आणि हा नव्या मालिकेतला पहिला. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायचा नेमका हिशेबही नाही, कारण वय, किडनी, वजन, ठोक्यांची लय यांनुसार दोघांमधलं गुणोत्तर माणसागणिक बदलतं. पण म्हणून १,३१० कडे दुर्लक्ष करा असं मी म्हणणार नाही. दवाखान्यात चालत येणाऱ्या माणसात एनटी-प्रोबीएनपी १२५ च्या खाली असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता फार कमी धरतात. ज्यांना तो आहेच, त्यांच्यात १,००० च्या वरचा आकडा दिसला की आम्ही औषधांकडे पुन्हा एकदा नीट बघतो: कुठली गोळी द्यायची राहिलीय, कुठल्या गोळीचा डोस अजून वाढवता येईल. तुमच्या यजमानांची गोळी तर नुकतीच बदललीय. बहुधा तिचा डोसही अजून पुरता चढलेला नसेल.

आता घाईचं कारण. त्याच पानावर खाली, तुम्ही जिथं बघितलंही नसेल तिथं, क्रिएटिनिन १.५ लिहिलंय; किडनीचं काम मंदावलं की हा आकडा वाढतो. आधीच्या रिपोर्टवर ते १.२ होतं. त्याच्या खालची पोटॅशियमची ओळ फोटोत कापली गेलीय. मला १,३१० पेक्षा या दोन ओळींची जास्त काळजी वाटली. ही गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढणं अपेक्षितच असतं आणि बहुतेक वेळा गोळी बंद करावी लागत नाही. पण ते वाढतंय का, थांबलंय का, पोटॅशियम किती आहे, हे डॉक्टरांनी बघायलाच हवं. रक्त तपासायला सांगितलं ते मुख्यतः त्यासाठीच. शिवाय किडनीचं काम मंदावलं की एनटी-प्रोबीएनपी रक्तात साठतो, म्हणजे १,३१० मधला काही भाग किडनीचाही असू शकतो. तुम्ही मृत्यूचा आकडा समजून जो कागद लपवलात, त्यावर गोळ्यांचा डोस ठरवायची माहिती होती.

तोवर गोळ्या तुमच्या मनाने कमी किंवा बंद करू नका. आणि बंद केलेली जुनी गोळी रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांच्या जातीतली असेल आणि तिची पट्टी घरात उरली असेल, तर ती आजच बाजूला काढा. नव्या गोळीबरोबर ती चुकूनही पोटात जाता कामा नये. चेहरा, जीभ, घसा सुजून जिवावर बेतू शकतं.

वहीतल्या त्या वाक्याकडे येते, कारण मला वाटतं खरं दुखणं तिथं आहे. वाक्य खोटं नाही. २००५ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात १९ अभ्यासांचा आढावा आला होता, त्यातलं ते आहे. पण ‘३५ टक्क्यांनी’ म्हणजे कशाच्या ३५ टक्क्यांनी, हे वहीत उतरलेलं नाही. समजा, एका गटात १०० पैकी १० जणांना धोका आहे. तो ३५ टक्क्यांनी वाढला म्हणजे १३-१४ जणांना झाला. ४५ जणांना नव्हे. दुसरं, ते वाक्य बीएनपीबद्दल आहे. १,३१० मधून २६५ वजा करून त्या वाक्यात घातले तर हिशेब भयंकर दिसेल आणि सपशेल चुकीचा असेल. तिसरं, त्या अभ्यासांतले रुग्ण आजची औषधं हाती यायच्या आधीचे आहेत. तुमचे यजमान घेतात ती गोळी जुन्या औषधापेक्षा सरस असल्याचं दाखवणारा मोठा अभ्यास २०१४ चा आहे.

आणि चौथं, जे सांगायला मला नेहमी जड जातं. असे आकडे गटाबद्दल बरंच काही सांगतात, एका माणसाबद्दल फार थोडं. हार्ट फेल्युअरच्या ३० अभ्यासांतल्या ३९,३७२ रुग्णांची माहिती एकत्र करून पुढचा धोका काढायची एक मोजपट्टी बनवली आहे. वय, रक्तदाब, पंपिंग, क्रिएटिनिन अशा तेरा गोष्टी तिच्यात भरायच्या. अशा चांगल्या मोजपट्टीलाही दोन रुग्ण दाखवून ‘यातला कोण आधी जाईल?’ विचारलं तर दहापैकी सातेक वेळा उत्तर बरोबर येतं. नाणं उडवलं तरी पाच वेळा येतंच. रक्ततपासणीची भर घातली की उत्तर थोडं सुधारतं, पण किती वर्षं हे कुठलीच तपासणी सांगत नाही. पत्रात तुम्ही ‘एकदाचं काय ते कळू दे’ असं लिहिलंय. ताई, ते ‘काय ते’ रक्ताच्या त्या बाटलीत नाहीच. कुणाकडे असतं तर मी तुम्हाला त्यांचा पत्ता दिला असता.

१९० वरून २६५ झाल्यावर त्यांनी प्रवास रद्द केला, हे वाचून मी थोडा वेळ थांबले. तब्येत जशीच्या तशी असताना हे आकडे चतुर्थांशाने, तिसऱ्या हिश्श्याने वरखाली होतात. बीएनपी तर त्याहूनही जास्त. एनटी-प्रोबीएनपीत साधारण ३० टक्क्यांच्या पुढचा बदल झाला तरच आम्ही तो खरा बदल मानायला सुरुवात करतो, आणि तोही वजन, सूज, दम यांच्याशी ताडून. २४०, १९०, २६५ या तीन ठिपक्यांतून आलेख काढला तर रेघ वर चढताना दिसते. मला तिथं एका माणसाची स्थिर तब्येत दिसते, शिवाय ३० चं ३८ झालेलं पंपिंग दिसतं. ते त्यांनी वहीत लिहिलंय का?

दर महिन्याला तपासण्याबद्दल. हा विचार तुमच्या एकटीच्याच मनात आलेला नाही. तो मोठ्या प्रमाणावर तपासून झालाय. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गाइड-आयटी’ या अभ्यासात पंपिंग कमी असलेल्या ८९४ रुग्णांचे दोन गट केले. एका गटात एनटी-प्रोबीएनपी १,००० च्या खाली आणायचं ठरवून औषधं वाढवत नेली, दुसऱ्यात तो आकडा समोर न ठेवता नेहमीचे चांगले उपचार दिले. हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती, असं दोन्ही गटांत सारख्याच, ३७ टक्के रुग्णांच्या बाबतीत घडलं. फायद्याची चिन्हं दिसेनात म्हणून अभ्यास मुदतीआधीच थांबवला. म्हणून महिन्याच्या महिन्याला रक्त काढायला मी सांगणार नाही. त्यातून तुमच्या घरात महिन्यातून एक भीतीचा दिवस वाढेल, एवढंच.

पण तपासणं बंदही करू नका. दम वाढला, सूज आली आणि कारण कळेना, मोठं औषध बदललं, किंवा भरती होऊन घरी सोडायची वेळ आली, अशा वेळी हा आकडा खरोखर उपयोगी पडतो. उपचारांनंतर ज्यांचा आकडा १,००० च्या खाली उतरला त्यांची पुढची वाटचाल बरी राहिली, असंही दिसलंय. आकडा उतरू शकतो, ही गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर यायला हवी होती. पुढची तपासणी कधी ते डॉक्टर ठरवतील. तपासणी तीच, शक्यतो लॅबही तीच ठेवा. केसांच्या किंवा नखांच्या वाढीसाठी कुणी बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या घेत असेल तर रक्त देण्याआधी सांगा. काही यंत्रांवर त्यामुळे ट्रोपोनिनसारखे (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं दाखवणारे) आकडे खोटे कमी दिसल्याच्या घटना घडल्या आहेत.

एसटी२ आणि गॅलेक्टिन-३ बद्दल थोडक्यात. दोन्ही हृदयाच्या स्नायूत वाढणाऱ्या ताठर, तंतुमय भागाशी जोडलेले आहेत. एसटी२ वर वय, वजन, किडनी यांचा परिणाम कमी होतो, ही त्याची जमेची बाजू. ३५ च्या वर गेला तर धोका जास्त धरतात. गॅलेक्टिन-३ किडनीबरोबर हलतो, आणि एनटी-प्रोबीएनपी हाताशी असताना त्याने फारशी नवी माहिती मिळत नाही. पण माझी अडचण वेगळी आहे. एसटी२ वाढलेला आला तर कुठली गोळी बदलायची? आज या प्रश्नाला ठाम उत्तर नाही. उत्तर काहीही आलं तरी उपचार तेच राहणार असतील, तर तुमच्या घरात तरी मी ती तपासणी करणार नाही.

त्याऐवजी डॉक्टरांना एक विचारा: ‘यांचं लोह तपासलंय का?’ हार्ट फेल्युअरच्या जवळपास निम्म्या रुग्णांत लोह कमी असतं, हिमोग्लोबिन ठीक असतानाही. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) १०० च्या खाली, किंवा १०० ते २९९ मध्ये असून ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन कितपत भरलंय ते) २० टक्क्यांच्या खाली, म्हणजे कमतरता आहे असं धरतात. ती शिरेतून लोह देऊन भरून काढली तर पंपिंग कमी असलेल्या रुग्णांना बरं वाटतं, चालण्याची ताकद वाढते. (तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनी तसा फरक पडला नाही, असं २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं.) या तपासणीचा कुठं गाजावाजा होत नाही, भविष्य वर्तवणाऱ्या याद्यांत ती क्वचितच दिसते. पण तिच्यानंतर काहीतरी करता येतं, म्हणून मला ती फार जवळची वाटते.

आता सांगण्याबद्दल. त्यांना कळलं तर ते खचतील, हे तुम्ही धरून चाललात. मला तुमची भीती कळते. २६५ ने त्यांचं काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पण तुमच्याच पत्रात आहे की त्यांनी दोनदा विचारलं, ‘रिपोर्ट आला का?’, आणि मग विचारणं सोडून दिलं. आकडे टिपून ठेवणारा माणूस विचारायचं का थांबवतो? त्यांना अंदाज आलाय, असं मला वाटतं. मनात धरलेला आकडा १,३१० पेक्षा मोठाही असेल.

काही रुग्णांना आकडे खरंच नको असतात आणि तो त्यांचा हक्क आहे. मग तसं त्यांनाच विचारा: ‘यापुढे आकडा तुम्ही बघणार, की आकडा डॉक्टरांकडे राहू दे आणि पुढे काय करायचं तेवढंच आपण ऐकायचं?’ बरेच जण दुसरं निवडतात आणि सुटल्यासारखे दिसतात. पण ही निवड त्यांच्या वतीने तुम्ही करू नका. एकटीने सांगायला धीर होत नसेल तर डॉक्टरांसमोर सांगा. फक्त तिथं जाण्याआधी रिपोर्ट आल्याचं त्यांना घरी सांगा, दवाखान्यात अचानक नको. सुरुवात अशी करता येईल: ‘रिपोर्ट आलेला होता. मी घाबरले आणि ठेवून दिला. मला वाटलं ती जुनीच तपासणी आहे. ती वेगळी निघाली. हे बघा, नाव वाचा.’ आणि चारही कागद त्यांच्या हातात द्या. वही लिहिणाऱ्या माणसाला हा फरक तुमच्याआधी समजेल. ते रागावतील. रागावू द्या.

वही बंद करायला सांगू नका. एनटी-प्रोबीएनपीसाठी नवीन पान घ्या, पहिला ठिपका १,३१०. आणि शेजारी रोज सकाळचं वजन, पायाची सूज, दम न लागता झोपायला रात्री किती उशा लागल्या, जिने चढताना कुठल्या मजल्यावर थांबावं लागलं, कुठली गोळी किती मिलिग्रॅम. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वजन वाढलं, आडवं पडल्यावर दम लागला, सूज चढली, तर त्याच दिवशी फोन करायचा. चक्कर येऊन पडले किंवा बसल्या जागी धाप लागली तर फोनवर न थांबता थेट दवाखाना गाठायचा. आमच्यासारख्यांना ही वही रक्ताच्या आकड्याइतकीच मोलाची असते.

राहिला त्यांचा खरा प्रश्न, ‘मला किती दिवस आहेत?’ तो ते वहीला विचारताहेत, कारण माणसांना विचारायची सोय राहिलेली नाही. डॉक्टरांकडे यावेळी थोडा जास्त वेळ मागून घ्या आणि त्यांना तो स्वतःच्या तोंडाने विचारू द्या. उत्तर नेमकं नसेल, पण समोर बसलेल्या त्यांच्यासाठी असेल: या पंपिंगला, या गोळ्यांना, या किडनीला धरून. त्यात कागदपत्रांच्या व्यवस्थेची, आजार वाढलाच तर त्यांना काय हवं आणि काय नको याची बोलणी निघाली तर थांबवू नका. आणि रद्द केलेल्या प्रवासाचं तिथंच विचारा, त्यांच्यादेखत: ‘यांना जाता येईल का?’ तीन मजले चढणारा, वजन स्थिर असलेला माणूस आहे. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघून झालं की याचं उत्तर डॉक्टर तिथल्या तिथं देऊ शकतील.